कोमट

"पोट फार स्वच्छ झालंय हिचं," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा अयोध्याला क्षणभर ते कौतुकच वाटलं. स्वच्छ हा शब्द कुणीही तिच्या घराबद्दल किंवा लेकराबद्दल उच्चारला की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची, तशी ती आताही झाली. मांडीवर विशाखा होती. वर्षाची होत आलेली, पण उचलली की हातात नुसतं झबलंच आल्यासारखी. डॉक्टर तरुण होते, सरकारी दवाखान्यात नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विशाखाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती धुतलेल्या कापडाची घडी राहावी तशी उभीच राहिली. मग त्यांनी विचारलं, आतापर्यंत काय काय दिलंत? अयोध्यानं सांगितलं: गुलाबी औषध, पांढरं औषध, कडू पुड्या, सुया. जरा पातळ झालं की चौकातल्या डॉक्टरकडं नेत होते, एकदा पण हयगय केली न्हाय. दूध? डब्याचं. पाणी? उकळून, गाळून, परत उकळून. बाटली? उकळून. चमचा, वाटी, तोंड पुसायचं फडकं? तेही उकळून. आता हे शाब्बास म्हणणार, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, माणसाच्या आतड्यात जंतू असतात. चांगले, गुण्यागोविंदानं राहणारे, कोट्यानुकोटी. खाल्लेलं अंगी लावायला त्यांचाच हात लागतो. बाहेरून आजाराचा जंतू आला तर हे त्याला बसायला जागा देत नाहीत. अंगाला लढायचं कसं तेही हेच शिकवतात म्हणा. कसं शिकवतात ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. पण हिच्या पोटात ते राहिलेच नसावेत. औषधांनी वाईट मेले तसे चांगलेही मेले, आणि नवे आत यायला तुम्ही फटच ठेवली नाही. म्हणून पाजलेलं सगळं तसंच वाहून जातं." अयोध्या म्हणाली, "मग आता वो?" "औषधं बंद. अंगावर पाजता?" "आटलं." "मग घरी विरजलेल्या दह्याचं ताजं ताक द्या. भाकरी मऊ करून द्या. आजी आहे का हिला? आजीकडं ठेवा थोडे दिवस. लोळू द्या अंगणात. लेकराला जरा घाण लागू द्या." आणि ते हसले. शेजारची नर्सही हसली. वाईट मनानं नव्हे, सहज. पण अयोध्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. टँकर येणार म्हणून नळाच्या कोंडाळ्याशी घागरींची रांग लागली होती आणि घागरींच्या सावलीत कुत्री निजली होती. पदर विशाखाच्या डोक्यावर घेऊन अयोध्या भिंतीकडेनं चालत राहिली. घाण लागू द्या. एवढं सोपं होतं तर मग ती इतकी वर्षं कशाच्या पाठीमागं धावत होती? तिच्या हातांना राखेचा वास अजून आहे असं तिला अधूनमधून वाटायचं, आता राखेनं भांडी घासायचं सोडूनही काळ लोटला होता तरी. ती राख बहात्तरच्या दुष्काळातली. ईट या तिच्या गावच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. आई फोडायची, अयोध्या पाटीनं वाहायची, आणि खडीच्या ढिगाआड तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत धाकटा भाऊ गोरोबा असायचा. सरकारी सुकडी मिळायची. गोड, पिवळी, घशात बसणारी. प्यायचं पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून, तळाशी गाळ, वर मेलेले किडे. गोरोबाला हगवण लागली आणि झोळी खालून भिजत राहिली. नंतर वाळली. मोटारीतून नर्सबाई आल्या त्या वाळल्यावर. त्यांनी आईकडं बघितलंच नाही, हातातल्या पत्र्याच्या डब्याकडं बघत म्हणाल्या, "हात धुवत नाही तुम्ही लोक. घाणीत राहता, मग पोरं मरतात." प्यायला पाणी नव्हतं तिथं हात कशानं धुवायचे, असं आई विचारू शकली असती. ती खडी फोडत राहिली. अयोध्यानं मात्र त्या दिवसापासून हात राखेनं घासायला सुरुवात केली. कोपरापर्यंत, लाल होईपर्यंत. शाळेत गुरुजींनी एकदा तिला वर्गापुढं उभं केलं, तिची नखं सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "बघा, ही त्यांच्यातली असूनसुद्धा किती टापटीप आहे." त्या 'असूनसुद्धा'वर पोरं हसली नाहीत. त्यांना त्यात काही नवीन वाटलं नसणार. तिनं तो शब्द तेवढा घरी आणला. मॅट्रिक झाली, बेंबळीच्या व्यंकटशी लग्न झालं, सहकारी दूध संघाच्या कचेरीत तो कारकून म्हणून लागला आणि उस्मानाबादेत संघाच्या लोकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या ओळीत त्यांना एक खोली मिळाली. पण तो शब्द मागोमाग येतच राहिला. सकाळी उठून ती ओटा पुसायची ती तो शब्द पुसून काढल्यासारखी. फडकं पिळायची तेही त्यालाच पिळल्यासारखं.

आता ताक. डॉक्टर सहज बोलून गेले, जसं काही ताक नळाला येतं. ईटला ताक कुणी विकत नसे, ते मागून आणायचं असे. सोमलिंग मालकांच्या घरी डेरा घुसळला की आई तिला तांब्या देऊन पाठवायची. जोत्याखाली उभं राहायचं. मालकीण म्हाळसाबाई वरून विचारायच्या, "कोन हाय?" नाव सांगायचं नसे, वाडा सांगायचा. मग तांब्या धुळीत ठेवून दोन पावलं मागं सरायचं आणि म्हाळसाबाई जोत्यावरूनच धार सोडायच्या, इतकी नेमकी की थेंब बाहेर पडत नसे. त्या बाईचा नेम बघून लहानपणी अयोध्याला नवल वाटायचं. पुढं, कळायला लागल्यावर, त्या नेमाला किती पिढ्यांचा सराव असेल हे मनात आलं आणि तिनं तांब्या घ्यायचं सोडलं. आईनं मारलं तरी गेली नाही. दुष्काळ सरला, गावोगाव डेऱ्या निघाल्या, दूध क्यानांत भरून शहराकडं जाऊ लागलं आणि सोमलिंग मालकांच्याच घरी ताक उरलं नाही. तेव्हा तिला जो आनंद झाला तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. आज तोच आनंद घशात खवट लागला. तिनं स्वतःच्या घरात दही कधी लावलंच नव्हतं. दही लावायचं म्हणजे विरजण पाहिजे, आणि विरजण बाजारात मिळत नाही, ते कुणाच्या तरी दारात जाऊनच आणावं लागतं. व्यंकटला दह्याची आठवण झाली की ती दुधात लिंबू पिळायची. त्याचा पांढरा चोथा तो मुकाट खायचा आणि एवढंच म्हणायचा, "बरं झालंय."

आणि आजी. आजी आहे का हिला, म्हणे. आहे की. बनाबाई आहे बेंबळीत, बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात. विशाखा चार महिन्यांची असताना आली होती राहायला, गाठोड्यात ज्वारीचं पीठ आणि घोंगडीचा तुकडा घेऊन. दुसऱ्याच दिवशी अयोध्या नळावरून आली तर म्हातारी उंबऱ्यात पाय पसरून बसलेली, नात मांडीवर, आणि तोंड चाललेलं. भाकरीचा घास चावून चावून पातळ करायचा, बोटावर घ्यायचा आणि लेकराच्या तोंडात सारायचा. विशाखा मिटक्या मारत होती. अयोध्याच्या हातातली घागर कशी खाली गेली ते तिला कळलं नाही. "थुकी चारताय लेकराला?" ती ओरडली, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी. तिनं पोरगी ओढून घेतली, उकळल्या पाण्याच्या फडक्यानं तिचं तोंड, हिरड्या, जीभ पुसून काढली. पोरगी किंचाळत होती. बनाबाई उठली नाही. तोंडातला उरलेला घास तिनं सावकाश गिळला आणि म्हणाली, "ह्याच थुकीवर तुझा नवरा मोठा झाला, माय. पाच लेकरं जगवली म्या, दुष्काळात. तू एक जगवून दाव." मग तिनं गाठोडं बांधलं. व्यंकट कचेरीतून आला तेव्हा ती एसटीत बसलेली होती. पुढं दर रविवारी तो एकटाच बेंबळीला जायचा आणि आल्यावर पायसुद्धा न धुता खाटेवर पडून राहायचा.

दिवेलागणीच्या आत जायला पाहिजे, एवढं तिला ठाऊक होतं. दिवा लागल्यावर विरजण देत नाहीत. व्यंकटनं सकाळी संघातून आणलेलं दूध होतं. विशाखाला पाळण्यात टाकून तिनं आपली सगळ्यात चांगली वाटी काढली, घासली, परत घासली, पदरानं कोरडी केली. पलीकडची खोली द्वारकाबाईंची. त्यांचे मिस्टर संघातच सुपरवायझर. बाई तोंडानं गोड, कुणाच्या आजारपणात धावून जाणारी. विशाखाच्या वेळी अयोध्याला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा द्वारकाबाईंनीच बोलावली होती, हे ती विसरू शकत नव्हती. आणि हेही विसरू शकत नव्हती की पहिल्यांदा घरी आल्यावर बाईंनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, जरा थांबल्या, आणि चहा पुढं केल्यावर म्हणाल्या, "आज माझा उपास हो." सोमवारी आल्या तरी उपास, मंगळवारी उपास, बुधवारी आल्या तेव्हाही उपास निघाला. "उपासाला च्या चालतो की, काकू," असं अयोध्या एकदा म्हणाली, तर त्या हसून म्हणाल्या, "माझा फार कडक असतो."

"कोण? या की, अयोध्याबाई," दारातूनच आवाज आला. पण पाय आत टाकावा एवढी वाट बाईंनी सोडली नाही. त्या चौकट भरून उभ्या राहिल्या. "कसंय लेकरू?"

"डाक्टरनी दही द्यायला सांगितलंय, काकू. विरजण पाहिजे होतं जरासं."

"अगं बाई, एवढंच ना! बरं झालं दिव्याच्या आत आलात, नाहीतर मला देता आलं नसतं बघा." द्वारकाबाईंची नजर अयोध्याच्या हातातल्या लखलखीत वाटीवर आली. ती वाटी घ्यावी तर हातात घ्यावी लागेल, आत न्यावी लागेल, दह्याच्या भांड्याला टेकवावी लागेल. हे सगळं त्या डोळ्यांतून सरकत गेलेलं अयोध्याला एखाद्या पाटीवर लिहिल्यासारखं वाचता आलं. "थांबा हं," म्हणत बाई आत गेल्या आणि आल्या त्या स्वतःची वाटी घेऊन. जुनी, जड पितळेची, कल्हई उडालेली. तळाशी दह्याचा एक गोळा. वाटी त्यांनी अयोध्याच्या हातात दिली नाही, वाकून उंबऱ्यावर ठेवली आणि सरळ झाल्या. "घ्या. आणि दूध कोमट असू द्या बरं का. करंगळी बुडवून बघायची, बोटाला सोसलं पाहिजे. फार तापलं तर सगळं मरतं. मी तुळजापूरच्या आईला नवस बोलते हो, गुण येईल लेकराला." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. तेच अयोध्याला सोसवेना. बाई खोटी असती तर बरं झालं असतं. ती वाकली, वाटी उचलली. "आणून देते उद्या घासून." "छे छे," द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या, "वाटी राहू द्या तुमच्याकडंच. आमच्याकडं उगीच पडून होती."

दोन हातांत दोन वाट्या घेऊन ती आपल्या खोलीत आली. एक रिकामी, एक भरली. म्हाळसाबाईंनी निदान तिच्या स्वतःच्या तांब्यात तरी धार सोडली होती. स्टो पेटवला, दूध ठेवलं. कोमट. करंगळी बुडवून. तिनं आयुष्यात दुधात बोट बुडवलेलं नव्हतं. तिच्याकडं दोनच गोष्टी होत्या, उकळतं आणि गार. मधलं काही तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवणाऱ्यांना तिनं एसटीत बसवून दिलं होतं. पाळण्यात विशाखा कण्हत होती. रडायलाही अंगात जोर लागतो, तेवढा तिच्यात नव्हता. दूध तापत गेलं, कडेनं बुडबुडे आले, आता उतरवायला पाहिजे हे तिला कळत होतं. पण नजर त्या पितळी वाटीवर होती. ते दही त्या घरातलं. त्या उंबऱ्यावरून उचललेलं. त्या बाईच्या कडक उपासाचं. हे असंच माझ्या लेकराच्या पोटात? हात पुढं झाला आणि वर चढणाऱ्या, फुगणाऱ्या दुधात तिनं वाटी पालथी केली. उकळू दे चांगलं. बाटलं असेल ते निघून जाऊ दे. तो शब्द मनात उमटला आणि ती दचकली. बाटलं. कुणाचा शब्द हा? कुठून आला आपल्या तोंडात, इतका तयार, इतका घरचा? तोवर दूध फाटलं होतं. हिरवट पाणी वेगळं, चोथा वेगळा, आणि त्यातून येणाऱ्या आंबूस वाफेत ती स्टोच्या ज्योतीकडं बघत बसून राहिली. चांगले जंतू, गुण्यागोविंदानं राहणारे. तिला हसू आलं, आणि ते हसू बराच वेळ थांबेना.

व्यंकट आला. त्यानं पातेल्यात बघितलं, तिच्याकडं बघितलं. "दूध संघात नौकरी अन् घरात नासकवणी," तो म्हणाला. मग साखर मागून घेतली आणि तो चोथा खायला बसला. तिनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं, विरजणाचंही सांगितलं, वाटीचंही. उकळलं का ते सांगितलं नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्यानं पितळी वाटी उलटीपालटी करून बघितली आणि खाली ठेवली. "सकाळी परत जा. दुसरं विरजण दील ती. बाई वाईट न्हाय."

"म्या त्या दारात परत पाय ठेवणार न्हाय."

"आत ठेवू कुठं देती? दाराभाईरच थांबायचंय." तो हसला नाही. साखरेचे कण बोटानं गोळा करत म्हणाला, "लेकराला मरू द्यायचं का मग? आन् माझ्या आईच्या दारात जाशील?"

तिनं पाळण्याला एक झोका दिला.

"तिथं तर दारच न्हाय. नुसती चौकट हाय," व्यंकट म्हणाला. "अडवायचं म्हटलं तरी कशानं अडवल ती."

एसटीत तिनं विशाखाला छातीशी धरलं होतं, आणि पिशवीत बाटली, डबा, उकळल्या पाण्याचा थर्मास, आणि का कोण जाणे, ती पितळी वाटी. बेंबळीच्या फाट्यावर दूध संस्थेच्या दारात क्यान रांगेनं उभे होते, आणि हातात दुधाच्या कासंड्या घेतलेल्या बाया, माथ्यावर ऊन, ओळीत पुढं सरकत होत्या. शेवटच्या घराशी बनाबाई शेणी थापत होती. तिनं सुनेकडं बघितलं, मग पदराखालच्या नातीकडं बघितलं आणि शेणाचा हात तसाच पुढं केला. अयोध्याची नजर त्या बोटांवर गेली. पण तिनं पोरगी दिली. त्या हातावर. शेण झबल्याला लागलं.

"इशाका," म्हातारी म्हणाली. तिला विशाखा म्हणता यायचं नाही. "काय केलंस गं माझ्या इशाकाचं? पाचोळा झालाय निव्वळ."

"चुकलं, आत्या."

"तुझं काय चुकलं? तू शिकलेली." म्हातारी आत वळली. तिच्या बोलण्यात काहीतरी बदललं होतं, शब्द हवेत सुटून जात होते. "ताक पाहिजे? ताक कुठलं आता? सगळं दूध डेरीला. म्हशीवाल्याच्या पोराला च्याला पावडर लागती. तुझा नवराच नेतोय की समदं." तिनं पिशवीतून डोकावणारी वाटी ओढून काढली, हातात तोलली. "जड हाय. कुणाची?"

"शेजारनीनं दिली. विरजण घालून."

"अन् परत न्हाय मागितली?"

"न्हाय."

बनाबाईनं वाटीच्या उडालेल्या कल्हईवरून अंगठा फिरवला. तिनं तसल्या वाट्या, तसले तांबे, तसली धार अयोध्यापेक्षा कितीतरी जास्त बघितली होती; तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती अंगणात गेली, रांजणातलं पाणी वाटीत ओतलं आणि वाटी कोंबड्यांपुढं ठेवली. "प्या गं बायांनो," ती म्हणाली. एक तांबडी कोंबडी आली, पाण्यात चोच बुडवून मान वर केली आणि वाटीच्या काठावर चढून तिथंच घाण करून गेली. म्हातारी हसली, आणि तेव्हा अयोध्याला दिसलं, तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

"दात?"

"काढलं. लई ठणकत हुतं. धाराशिवच्या दवाखान्यात नेलं व्यंकूनं. तुझ्या दारावरनंच गेले, आन् आले. आत आले न्हाय." तिनं टोपल्यातली सकाळची भाकरी काढून सुनेच्या मांडीवर ठेवली. "माझी थुकी आता काय कामाची न्हाय, माय. भाकर तूच चाव."

अयोध्यानं थर्मासकडं बघितलं. मग चतकोर मोडून तोंडात घातला. ज्वारीची भाकरी आधी नुसती कोरडी लागते, मग दाढेखाली चिकट होते, मग कितीतरी चावल्यावर तिला एक गोडी सुटते. ती गोडी ती पार विसरून गेली होती. खडीच्या ढिगाआड आई गोरोबासाठी असंच चावायची, हाताला फोड आलेले, डोळे मिटलेले. आणि आईचा गळा मध्येच हलायचा, गिळू नये म्हणून थांबायचा, परत हलायचा. तेव्हा आईला किती भूक असेल हे तिला आता, आपला गळा आवरताना कळलं. घाणीत राहता तुम्ही लोक. ती चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी तोंडाच्या कोपऱ्याशी आलं आणि घासात मिसळलं, ते तिनं पुसलं नाही. मग करंगळीवर तो लगदा घेतला आणि विशाखाच्या ओठांशी नेला. पोरीनं आधी मान फिरवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तोंड उघडलं आणि बोटासकट आत घेतलं. आत कोमट होतं. बोटाला सोसेल एवढं. ती जीभ हळूहळू हलली, थांबली, परत हलली. घास गेला. अयोध्यानं दुसरा चावायला घेतला, तिसरा. पलीकडं संस्थेच्या दारात क्यान गाडीत चढवताना ठणठणत होते. चौथ्या घासाला विशाखानं बोट सोडलं नाही. हिरडीतून काहीतरी बारीक, खरबरीत तिच्या करंगळीत रुतलं, इतकं की तिनं तोंडानं श्वास ओढला.

"काय झालं?" बनाबाईनं विचारलं.

"दात आलाय जणू. चावती."

"मग काढ की भाईर बोट."

अयोध्यानं काढलं नाही.